तीन हजार मार्क, एक काठी आणि ‘ताल्येर’ : लंडन, १२५५

१२५५ साली इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने लंडन शहराकडे ३,००० मार्क मागितले. शहराने २,००० देऊ केले. वाद नुसता हजार मार्कांचा असता, तर घासाघीस होऊन मिटला असता. पण राजाच्या बाजूचं म्हणणं होतं की ही रक्कम ‘टॅलेज’ आहे आणि शहराचं म्हणणं होतं की ही ‘मदत’ आहे. मदत म्हटली की देणाऱ्याची संमती गृहीत धरली जाते. टॅलेज म्हटलं की राजा मालक, शहर त्याची खासगी मिळकत आणि रक्कम ठरवायचा हक्क मालकाचा. शेवटी एक्सचेकरचे, म्हणजे राजाच्या खजिन्याच्या कचेरीचे, आणि चान्सरीचे, म्हणजे त्याच्या सनदा-पत्रांच्या कचेरीचे, जुने रोल (गुंडाळीच्या नोंदवह्या) उघडले गेले. जॉन राजाच्या काळात आणि खुद्द हेन्रीच्या कारकिर्दीतही लंडनने टॅलेज भरल्याच्या नोंदी त्यांत सापडल्या. मेयर राल्फ हार्डेल आणि नागरिकांनी मान्य केलं की लंडनवर टॅलेज बसू शकतो, आणि काहीही तडजोड न होता विषय ३,००० मार्कांवरच संपला.

या प्रकरणाचा कणा एक क्रियापद आहे. अँग्लो-नॉर्मन, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबारात, कचेऱ्यांत आणि पुढे न्यायालयांत रुजलेली फ्रेंच. तिच्यातलं हे क्रियापद टी-ए-आय-एल-एल या अक्षरांनी सुरू होतं आणि शेवट कधी ‘-एर’, कधी ‘-इएर’ असा लिहिला जातो. त्यातला ‘एलएल’ तेव्हा मऊ ‘ल्य’सारखा उच्चारत, म्हणून इथे ‘ताल्येर’ असं लिहिलं आहे. कोशात पहिला अर्थ ‘कापणे’ दिसतो आणि तिथेच वाचणारा फसतो. लंडनला कोणी कापत नव्हतं.

क्रियापदाचं कर्म आधी पाहावं

अँग्लो-नॉर्मनमध्ये कापण्यासाठी शब्दांची कमतरता नव्हती. ‘कोल्पेर’मध्ये घाव आहे, तो मुळात ठोशाच्या शब्दावरून आला. ‘त्रँशेर’मध्ये आरपार छेद आहे, भाकरीचा जाड काप ताटासारखा वापरत त्याचं नाव आणि जमिनीत खणलेल्या चराचं नाव यावरूनच आलं. ‘ताल्येर’ या दोघांहून वेगळं आहे. त्यात माप आहे. कापून दोन तुकडे झाले एवढ्याने त्याचं काम संपत नाही. जे कापलं ते ठरलेल्या आकारात बसलं पाहिजे. मराठीत याला सर्वांत जवळचं क्रियापद ‘कापणे’ नसून शिंप्याचं ‘बेतणे’ आहे.

हे धरून चाललं की पुढचं बरंच सोपं होतं. कर्म कापड असेल तर कपडा बेतणे. हे करणारा तो ‘ताल्यूर’, म्हणजे आजचा टेलर. कर्म दगड असेल तर घडवणे, कर्म द्राक्षवेल असेल तर छाटणी. कर्म माणूस, गाव किंवा शहर असेल आणि वाक्यात रक्कम असेल, तर कर बसवणे. कर्म रक्कम किंवा देणं असेल, किंवा जवळपास ‘ताल्य’ हे नाम असेल, तर काठीवर खाचा पाडून हिशेब नोंदवणे. आणि कर्म जमीन असेल, त्यातही क्रियापद भूतकाळवाचक विशेषण होऊन जमिनीच्या मागे बसलं असेल, तर वारसाहक्क ठरावीक वंशापुरता बांधून देणे.

हे सगळे अर्थ एकाच मुळाचे. लॅटिनमध्ये ‘तालेआ’ म्हणजे लावण्यासाठी छाटलेली डहाळी. त्यावरून उत्तर लॅटिनचं ‘तालिआरे’, आणि त्याचीच ही फ्रेंच संतती. त्याच घराण्यातलं पोर्तुगीज ‘ताल्यार’ गोव्यात येऊन पोहोचलं: जुन्या गोव्यातल्या चर्चमधल्या सोनेरी कोरीव वेदींना ‘ताल्या दोराद’ म्हणतात ते यामुळेच.

लंडनच्या वादात दोन अर्थ एकाच वेळी कामाला लागले. आधी शहरावर ‘ताल्येर’ झालं, म्हणजे कर बसला. मग पैसे वेस्टमिन्स्टरला एक्सचेकरात भरताना काठीवर ‘ताल्येर’ झालं, म्हणजे खाचा पडल्या. कागद लॅटिनमध्ये होते, त्यामुळे तिथे ‘ताल्लिआरे’, ‘ताल्लागिउम’ अशी लॅटिन रूपं दिसतात. पण ही लॅटिन कचेरीतली आहे, तिच्या खाली रोजच्या बोलण्यातली फ्रेंच वाहते आहे.

शहराला काय बोचलं

जमीनदार आपल्या वेठबिगार कुळांवर टॅलेज बसवत असे. किती आणि केव्हा, हे त्याच्या मर्जीवर. राजा हाच कर आपल्या खालसा गावांवर आणि शहरांवर बसवी. म्हणजे टॅलेज कबूल करणं म्हणजे व्यापारी, सोनार, दारूचे घाऊक विक्रेते अशा मातब्बर नागरिकांनी आपण कुळांच्या रांगेत असल्याचं मान्य करणं. शिवाय व्यवहारातही फरक पडे. शहराने एकत्र रक्कम कबूल केली, तर ती आपसांत कशी वाटायची ते शहर ठरवी. कबूल केली नाही, तर राजाचे अधिकारी माणशी आकारणी करू शकत, आणि मग कोणाकडे किती माल आहे हे उघड होई. रक्कम थोडी वाढली तरी चालेल, पण वह्या उघडायला नकोत, हा हिशेब तेव्हाही होता.

नोंदी वाचताना इथे एक खबरदारी घ्यावी लागते. एकाच रकमेला एक रोल ‘टॅलेज’ म्हणेल आणि शहराची स्वतःची वही ‘मदत’ म्हणेल. शब्दावरून कराचा प्रकार ठरवू नये. लिहिणारा कोणत्या बाजूचा आहे ते आधी बघावं. एक्सचेकरचा कारकून ‘मदत’ लिहून राजाचा हक्क कशाला पातळ करेल?

दोन हजार पाउंड लाकडावर

मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे १६० पेन्स. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पाउंड. म्हणून ३,००० मार्क म्हणजे बरोबर २,००० पाउंड. पाउंड आणि शिलिंग यांचीही तेव्हा नाणी नव्हती. १२५५ मध्ये इंग्लंडच्या टांकसाळीतून निघणारं पूर्ण नाणं एकच, चांदीची पेनी. म्हणजे ४,८०,००० पेन्या. एक पेनी दीड ग्रॅमहून जराशी कमी भरते, तेव्हा सुमारे ७०० किलो नाणी झाली.

एवढे पैसे मोजून घेतल्याची पावती म्हणजे टॅली. ती कशी कापायची याचे नियम रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने ११७० च्या दशकाच्या अखेरीस एक्सचेकरवर लिहिलेल्या लॅटिन संवादग्रंथात दिले आहेत. नियम मापांचे आहेत आणि मापं हाताची आहेत.

काठीची लांबी ताणलेल्या अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत. मराठीत याला नेमका शब्द आहे, टीच. वीत नव्हे, वीत करंगळीपर्यंत जाते. काठीच्या एका टोकाजवळ बारीक भोक. १,००० पाउंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी रुंद खाच. १०० साठी अंगठ्याएवढी. २० साठी करंगळीएवढी. एका पाउंडाला फुगलेल्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंगची खाच त्याहून अरुंद, पण लाकडाचा बारीकसा कपचा निघून नाली दिसली पाहिजे. पेनीला नुसती सुरीची रेघ. लाकूड अजिबात काढायचं नाही. अर्ध्या आकड्यासाठी त्याच आकड्याची अर्धीच खाच. सर्वांत मोठा आकडा समोरच्या काठावर, लहान आकडे दुसऱ्या काठावर.

मार्कासाठी वेगळी खाच नाही. राजाचा हुकूम मार्कांत, शहराची बोली मार्कांत, पण सुरी मार्क ओळखत नाही. आधी पाउंड-शिलिंगमध्ये रूपांतर करायचं, मग कापायचं. सोन्याच्या मार्काला मात्र स्वतंत्र खूण होती: पाउंडाची खाच, पण काठीच्या मध्यावर.

आता दोन्ही रकमा कापून पाहू. संपूर्ण रक्कम एकाच हप्त्यात आली असं फक्त उदाहरणापुरतं धरू. प्रत्यक्षात हप्ते पडत आणि प्रत्येक भरण्याची टॅली वेगळी. राजाचे ३,००० मार्क म्हणजे हजाराच्या दोन खाचा. संपलं. शहराचे २,००० मार्क म्हणजे १,३३३ पाउंड ६ शिलिंग ८ पेन्स: हजाराची एक, शंभराच्या तीन, विसाची एक, पाउंडाच्या तेरा, शिलिंगच्या सहा आणि पेनीच्या आठ रेघा. एकूण ३२ कापे. हजाराची खाच एका काठावर गेली तरी उरलेल्या ३१ दुसऱ्या काठावर आल्या. शंभराच्या तीन खाचांनाच साधारण ६ सेंटिमीटर, तेरा जवांना मधल्या जागेसकट आणखी तेवढंच. विसाची, शिलिंगच्या आणि पेनीच्या मिळून चारपाच. टीचभर काठीत हे दाटीवाटीनेच बसणार, आणि मुठीसाठी टोक मोकळं सोडायचं असेल तर बसणारच नाही. रकमा जशा मोठ्या आणि तुटक होत गेल्या तशा पुढच्या शतकांत टॅलीही लांबत गेल्या, याचं कारण इथेच आहे.

कापण्याचा क्रम, आणि तो का चुकवायचा नाही

लाकूड बहुतेक वेळा हेझल या झुडपाचं. हेझलच्या सरळ, बिनगाठीच्या छड्या मुळापासून भराभर फुटतात आणि ते लाकूड रेषेत चिरलं जातं. छडी चौकोनी तासून घ्यायची म्हणजे दोन रुंद बाजू आणि दोन अरुंद काठ मिळतात. खाचा अरुंद काठांवर पडतात, मजकूर रुंद बाजूंवर: कोणी भरले, कशापोटी, कोणत्या सत्रात.

खाचा आणि मजकूर पुरे झाल्यावरच काठी चिरायची. भोकाच्या टोकापासून काही अंतर सोडून एका रुंद बाजूवर तिरका काप घ्यायचा, तो निम्म्या जाडीपर्यंतच. मग दुसऱ्या टोकातून सुरी घालून काठी लांबीत, रुंद बाजूंना समांतर चिरत त्या कापापर्यंत आणायची. एक तुकडा सुटून हातात येतो, दुसऱ्याला मूठ राहते. मूठवाला लांब भाग ‘स्टॉक’. तो पैसे भरणाऱ्याचा. आखूड भाग ‘फॉइल’, तो एक्सचेकरचा. चीर खाचांच्या मधून जात असल्यामुळे प्रत्येक खाच दोन्ही भागांवर उमटलेली असते.

क्रम उलटला, म्हणजे आधी चिरून मग दोन भागांवर वेगवेगळ्या खाचा पाडल्या, तर पुराव्याला अर्थच उरत नाही. दोन तुकडे जोडल्यावर खाचेच्या कडा एका रेषेत येणं आणि लाकडाचे तंतू एकमेकांत बसणं, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिजेत. भरणाऱ्याने आपल्या स्टॉकवर गुपचूप एक खाच वाढवली तर फॉइलच्या बाजूने ती अर्धवट थांबते. एक्सचेकरच्या कोणी फॉइलवरची खाच तासून काढली, तर तिथे तुकडा बारीक पडतो आणि जोडल्यावर फट दिसते. दुसऱ्याच काठीचा तुकडा आणला तर तंतू जुळत नाहीत. आपण आजही ‘हिशेब टॅली होत नाही’ म्हणतो; तिथे ते अक्षरशः होत नसे.

बिघाड बहुतेक लाकडाचे असत. गाठ मध्ये आली की चीर तिच्याभोवती वळते आणि एका बाजूने बाहेर पडते. मग एका भागावर खाचांची नुसती टोकं उरतात. फार वाळलेली छडी चिरण्याऐवजी कापापाशी तुटते. तिरका काप निम्म्याहून खोल गेला तर मूठ ढिली होते. आणखी एक बिघाड माणसाचा: शिलिंगची खाच इतकी अरुंद की पेनीची रेघ वाटावी. म्हणूनच नियमात ‘लाकूड निघालं पाहिजे’ आणि ‘लाकूड निघता कामा नये’ अशी हद्द घातली आहे. रुंदीबद्दल दोघांचं दुमत होऊ शकतं. कपचा निघाला की नाही, यावर होत नाही.

शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, ईस्टरला येऊन अर्धीमुर्धी रक्कम भरी, टॅली घेऊन जाई, आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसच्या सत्रात पूर्ण हिशेबाला ती घेऊन हजर होई. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफलाही आपल्या खिशातला आकडा बोटाने चाचपता येत असे. १८२६ पर्यंत ही पद्धत रखडत चालली. १८३४ मध्ये साठलेल्या जुन्या टॅली लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळताना संसदेची इमारत जळाली, हा भाग सर्वांना माहीत असतो. त्या जाळण्यामुळे मध्ययुगीन टॅलींची संख्या आज फारच कमी आहे, हे मात्र कमी वेळा सांगितलं जातं.

शेजारचा एक शब्द इथेच नोंदवावा. वीस या आकड्याला इंग्रजीत ‘स्कोअर’ म्हणतात, तो स्कँडिनेव्हियातून आलेला खाचेचाच शब्द. काठी एक, पण तिच्यावर दोन आक्रमकांच्या भाषा.

हस्तलिखितात अर्थ कुठे घसरतो

तेराव्या-चौदाव्या शतकाच्या हस्ताक्षरात ‘सी’ आणि ‘टी’ जवळजवळ सारखे असतात, आणि ‘आय’वर टिंब असेलच असं नाही. त्यामुळे या क्रियापदाचं नाम ‘ताल्य’ हे घाईत ‘काल्य’ असं वाचलं जातं, आणि त्याचा अर्थ लावा पक्ष्याचा भाऊबंद. करांच्या यादीत पक्षी आला की अक्षर पुन्हा पाहावं. घरखर्चाच्या यादीत आला तर तो खरोखर पक्षी असू शकतो.

मोठी घसरण नामांत होते. ‘ताल्य’ म्हणजे काप, टॅली, कर, वंशबद्ध जमीन, आणि पुढे फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये अंगकाठी, कंबरसुद्धा. नाम एकटं आलं तर अर्थ लावू नये. त्याच्यासोबतचं शब्दयोगी अव्यय पाहावं. ‘ताल्यने’ किंवा ‘ताल्यद्वारे’ दिलं असेल तर टॅली. ‘ताल्यमध्ये’ धरलं असेल आणि वाक्यात जमीन असेल तर वंशबद्ध मिळकत. ‘ताल्य’ उचलली, बसवली, माफ केली असेल तर कर. ‘उलट-ताल्य’ असा जोडशब्द आला तर शंभर टक्के काठीचा दुसरा अर्धा.

‘ताल्यूर’ या माणसालाही हाच नियम. आडनावासारखं आलं तर बहुधा शिंपी, आणि लॅटिन यादीत त्याच माणसाला ‘सिस्सोर’ म्हटलेलं सापडलं तर पक्का शिंपी. बांधकामाच्या मजुरीत आला तर दगड घडवणारा. एक्सचेकरच्या पगारपत्रकात आला तर टॅली कापणारा अधिकारी. त्याचं पद पुढे शतकानुशतकं टिकलं.

जमीन बेतणे

करातला अर्थ १३४० च्या कायद्यानंतर विरत गेला. संसदेच्या संमतीवाचून असा कर बसवायची वाट बंद झाली. जमिनीतला अर्थ मात्र सर्वांत दीर्घायुषी ठरला. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याने, त्याच्या पहिल्याच कलमाने, अशी तजवीज केली की ‘याला आणि याच्या शरीरापासून झालेल्या वारसांना’ म्हणून दिलेली जमीन त्या वंशाबाहेर विकून टाकता येऊ नये. वंश संपला तर जमीन देणाऱ्याकडे परत. ही मिळकत ‘ताल्ये’ झाली, इंग्रजी तोंडात ‘टेल’.

इथे ‘कापलेली’ म्हणजे तुकडा पाडलेली, असं भाषांतर वारंवार दिसतं आणि ते दिशाभूल करतं. पंधराव्या शतकात थॉमस लिटलटनने न्यायालयीन फ्रेंचमध्ये जमीनधारणेवर लिहिताना या क्रियापदाचा अर्थ ‘ठरावीक निश्चिततेत बसवणे’ असा लावला. क्षेत्रफळ तेवढंच राहतं. वारसांची रांग मापात बसवली जाते. पुरुष वंशापुरती बेतली तर ‘टेल मेल’, ठरावीक पत्नीच्या मुलांपुरती बेतली तर विशेष टेल. बेतलेल्या अंगरख्यात दुसरा मावत नाही, तसंच हे.

१७३३ पासून इंग्लंडच्या न्यायालयांतून लॅटिन आणि फ्रेंच दोन्ही हटवल्या गेल्या, पण ‘टेल’ राहिलं आणि जहाजाने कलकत्त्यालाही आलं. प्रसन्नकुमार टागोर १८६८ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रात ख्रिस्ती झालेल्या मुलाला, ज्ञानेंद्रमोहनला, वगळून मिळकत आधी जतींद्रमोहन टागोर यांना हयातीपुरती आणि नंतर ‘टेल मेल’च्या धर्तीवर पुरुष वंशांत पुढे जाईल अशी आखणी होती. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला की हिंदू कायद्याला अनोळखी असा वारसाक्रम मृत्युपत्राने निर्माण करता येत नाही. जतींद्रमोहन यांचा हयातीतला उपभोग टिकला, पुढची सगळी ‘टेल’ची साखळी रद्द झाली, आणि त्यानंतरचा हक्क वगळलेल्या मुलाकडे कायदेशीर वारस म्हणून गेला. हाच निकाल मुंबई इलाख्यातल्या हिंदू मृत्युपत्रांनाही लागू पडला. त्यानंतर तिथल्या वकिलांना ‘पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांकडेच’ अशी कलमं लिहून देता येईनाशी झाली. इंग्लंडमध्ये नवीन टेल निर्माण करणं बंद झालं ते १ जानेवारी १९९७ पासून.